व्हिसा न लागणारा पाहुणा

भिशीच्या बायका विचारतात, "काय गं, पाचगणी कशी झाली?" मी सांगते, गर्दी होती, स्ट्रॉबेरी महाग होती. तेवढ्यावर त्यांचं भागतं. आमच्या भिशीच्या सगळ्या सहली मीच ठरवते. गाडी मी बघते, लॉजवाल्याशी घासाघीस मी करते, त्यामुळं माझीच सहल बिघडली असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. पण तुमच्यापैकी कुणी परदेशातला पाहुणा घेऊन तिकडं निघणार असाल तर तुमच्या उपयोगाला येईल म्हणून खरं काय झालं ते लिहिते आहे. लिहितानासुद्धा कानशिलं गरम होतायत, ते जाऊ दे.

पाहुणा म्हणजे हरकबहादुर. आमचे हे सैन्यात सिग्नलला होते आणि एका गोरखा पलटणीबरोबर बरेच दिवस वर बर्फात राहिले होते. तिथला ह्यांचा बंकरमधला सोबती हा. माणूस नेपाळचा, नोकरी आपल्या सैन्यातली, पेन्शन आपल्या सरकारची आणि घर तिकडं बागलुंगच्या डोंगरात. दोघं निवृत्त होऊन जमाना झाला, पण फोन कधी थांबला नाही. बर्फात बसून ह्यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, आमच्याकडं पाचगणीला डोंगराला शेंडाच नाही, वर नुसतं सपाट मैदान आहे. दुसरी, आमच्या गावच्या यात्रेत ओळख ना पाळख अशा माणसालाही घरात ओढून जेवायला बसवतात. हरकबहादुरना दोन्ही बंडला वाटायच्या. यंदाच्या चैत्रात ते खरंखोटं करायलाच आले. आणि ह्यांच्या मनात एवढंच होतं, की यात्रेला भावकीसमोर मित्राला शेजारी बसवून जेवू घालायचं.

पुणे ते सुरूर फाटा

आम्ही सांगलीहून गाडी घेऊन पुणे स्टेशनवर गेलो. हरकबहादुर बाकावर ताठ बसलेले. बुटका, रुंद माणूस, डोक्यावर रंगीत नेपाळी टोपी, पायाशी एकच बॅग. ह्यांना बघितल्यावर उठून आधी सॅल्यूट, मग मिठी. मला वाकून नमस्कार केला आणि "वहिनी" म्हणाले. तो एक मराठी शब्द ह्यांनी बर्फातच शिकवून ठेवला होता.

त्यांच्या शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. नेपाळच्या नागरिकत्वाचा. देवनागरीतच असतो, आपल्याला सहज वाचता येतो, फोटो, शिक्का सगळं असतं. नेपाळच्या माणसाला आपल्याकडं यायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही, एवढा कागद पुरतो. सुनौलीच्या सरहद्दीवरच्या फाटकातून ते चालत आत आले. "किसी ने माँगा नहीं, फिर भी दिखाया," असं मोठ्या ऐटीत सांगत होते. ते सगळं हिंदीतच बोलत, मी इथं बरंचसं मराठीत लिहिते.

टोलनाका आला. गाडी थांबली तसा हरकबहादुरनी खिशातून कागद काढला आणि काचेला लावून धरला. टोलवाली पोरगी बघतच राहिली. पुढं नीरेचा पूल ओलांडताना हे म्हणाले, "आता सातारा जिल्हा लागला," की पुन्हा कागद बाहेर. आम्ही दोघं हसून हसून बेजार. मी म्हटलं, "भाऊजी, खंडाळा तालुक्यात शिरायला अजून तरी कुणी कागद मागत नाही." ते पण हसले, पण कागद मांडीवरच ठेवला, खंबाटकीचा घाट चढेपर्यंत.

घाटात त्यांनी सांगितलं, सगळ्या नोकरीत त्यांना एकही रेड इंक नाही. सैन्यात शिक्षा झाली की माणसाच्या कागदावर लाल शाईनं नोंद पडते, ती रेड इंक. ह्यांना एक आहे. गावच्या यात्रेसाठी सुट्टीवर आले आणि परत जायला उशीर केला म्हणून. हे ती गोष्ट बक्षीस मिळाल्यासारखी सांगतात. हरकबहादुर मात्र स्वतःचं सांगताना एकदम हळू आवाजात बोलले, देवाचं नाव घ्यावं तसे.

वाई

वाईच्या घाटावर पोचलो तर ऊन चांगलंच तापलं होतं. हरकबहादुर बूट काढून थेट कृष्णेत उतरले. नदी बर्फातनं येते का, असं विचारलं. मी म्हटलं, बर्फ कसला, महाबळेश्वरच्या पावसाचं पाणी. त्यांच्या गावाखालनं काळी गंडकी वाहते, तिच्यात शाळिग्राम सापडतात. दोनचार दगड उचलून बघितले आणि परत ठेवून दिले. जागच्या वस्तू जागेवर ठेवणारा माणूस.

जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका, वांगं. भाकरी त्यांनी आधी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. त्यांच्याकडं कोदोच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या पिठाचा ढिंडो करतात, गरम पाण्यात घोटून घट्ट, आणि तो न चावता गिळतात. आमच्याकडं न चावता गिळलं तर आई पाठीत धपाटा घालते, असं मी सांगितलं. मिरचीचा ठेचा त्यांनी तीनदा मागून घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून खाल्ला. इथपर्यंत सहल झकास चालली होती. मी मनातल्या मनात भिशीच्या बायकांना सांगायला किस्से गोळा करत होते.

पाचगणी

पसरणीचा घाट चढून वर आलो आणि पठारावर गेलो. हरकबहादुर मध्यावर जाऊन उभे राहिले, गोल फिरून चारी बाजूंनी बघितलं. मग ह्यांना म्हणाले, "साब, इस पहाड़ का सिर किसने काटा?" पहिली गोष्ट खरी निघाली. हे नुसते फुलले.

आता ह्यांच्या डोळ्यांचं असं आहे, की दिवस कलला की गाडी चालवत नाहीत. म्हणून मुक्काम पाचगणीला आणि सकाळी उठून कडेगाव तालुक्यातलं आमचं गाव, असं ठरलं होतं. शनिवार होता, मुंबई-पुण्याची गर्दी उसळलेली. पहिल्या लॉजवर खोली होती. मॅनेजरनं हरकबहादुरचा कागद घेतला, वाचला आणि परत दिला. "नेपाळ म्हणजे फॉरेनर. व्हिसा नंबर टाकायला लागतो कॉम्प्युटरमध्ये. तुमच्याकडं व्हिसा नाही. नको ती भानगड."

ह्यांनी समजावून सांगितलं, की यांना व्हिसा लागतच नाही. तो म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असेल, पण रकाना मोकळा सोडता येत नाही." दुसऱ्या लॉजवर तेच. तिथला माणूस तर कागद हातातसुद्धा घेईना. हरकबहादुर तो दोन्ही हातांनी पुढं धरून उभे. मग त्यांनीच हळूच तो खिशात घातला आणि म्हणाले, "साब, मैं गाड़ी में सो जाता हूँ. आदत है."

माझं डोकंच फिरलं. घरी आलेला पाहुणा, आणि त्याला दारादारांतनं परत पाठवतायत, तेही आमच्या मुलखात. लाज वाटली, आणि लाज वाटली की माझी जीभ चालते, डोकं चालत नाही. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही गाडी लावा कडेला, मी बघते." तिसऱ्या लॉजवर एकटीच आत गेले.

आमच्या भागात एक शब्द सगळीकडं चालतो. गावात शिरताना, लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या गेटवर, कुठंही "अमक्याचे पाहुणे" म्हटलं की झालं, पुढं कुणी काही विचारत नाही. तो शब्द लॉजवर चालणार नाही हे मला कळत होतं. पण माझ्या मोबाइलमध्ये सगळ्या घराची आधार कार्डं होती. गेल्या साली घरच्यांना काशीला नेलं तेव्हा माझे धाकटे दीर दत्तात्रय बरोबर होते, त्यांचंही होतं. मी तीन कार्डं दाखवली. माझं, ह्यांचं आणि दत्तात्रयांचं. "तिसरे आमचे दीर, गावाकडं ऊस करतात." मॅनेजरनं ती स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतली, मान वर करून बघितलंही नाही. आणि आधार कार्डावरच्या फोटोत तसंही कोण कुणासारखं दिसतं.

बाहेर येऊन मी हरकबहादुरना बाजूला घेतलं. "भाऊजी, तो कागद आता बॅगेत ठेवा. कुणी विचारलं तर तुमचं नाव दत्तात्रय."

ते म्हणाले, "झूठ?"

"खोटं कसलं त्यात? दीरच की तुम्ही माझे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खिशातून कागद काढला, प्लॅस्टिकची घडी नीट केली आणि बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या खाली ठेवला. हे गाडी लावत होते, ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. केवढी शहाणी वाटत होते मी मला, काय सांगू.

संध्याकाळी व्हरांड्यात बसून आम्ही स्ट्रॉबेरी खात होतो. एक हवालदार मॅनेजरबरोबर आला. शनिवारी लॉजची तपासणी करतात म्हणे. वागायला सभ्य माणूस. रजिस्टर बघत म्हणाला, "यातले दत्तात्रय कोण?"

हरकबहादुर उठून सावधानमध्ये उभे राहिले. एकदा माझ्याकडं बघितलं. "जी, मैं."

"गाव?"

"कडेगाव."

"जन्मतारीख?"

ती मी शिकवलीच नव्हती. हवालदारानं पुन्हा विचारलं. कपाळावर घाम आला त्यांच्या. आणि तेवढ्यात आमचे हे, तोंडात स्ट्रॉबेरी, म्हणाले, "आवं साहेब, दत्तू कुठनं आला हितं? दत्तू गावाकडं हाय. ह्यो हरकबहादुर, नेपाळचा. माझा दोस्त."

मॅनेजरनं मोबाइल काढून ते आधार हवालदाराला दाखवलं. हवालदारानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा हरकबहादुरकडं. म्हणाला, "परदेशी माणूस आणि भारताचं दुसऱ्याच्या नावाचं आधार. हे साधं नाही. ठाण्यात यावं लागेल."

बॅगेतला कागद मी काढायला लावेपर्यंत उशीर झाला होता. आता तो कागदसुद्धा खोटा वाटायला लागला होता.

ठाण्यात फौजदार बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी तोंड उघडायच्या आधीच हरकबहादुर बोलले, "कार्ड मैंने माँगा था. वहिनी का कोई कसूर नहीं. लिखना है तो मेरे नाम पर लिखिए."

माझ्यासमोर कुणाची बोलण्यात डाळ शिजत नाही असं आमच्या गल्लीत म्हणतात. तिथं मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. ज्या माणसानं कुणी न मागता सुनौलीला खरा कागद दाखवला, तो माझी अब्रू राखायला पोलिसांसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलत होता. मी कशीबशी म्हणाले, "नाही हो बाई. खोटं मी केलं. त्यांनी फक्त माझं ऐकलं." एवढं बोलल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी लाज वाटली.

बाईंनी तो कागद नीट बघितला, कुठंतरी फोन केला, हरकबहादुरच्या पेन्शनचं कार्ड बघितलं. मग मला म्हणाल्या, "काकू, यांना इथं राहायला काहीच अडचण नव्हती. नेपाळच्या माणसाला व्हिसा लागत नाही. लॉजवाल्यांना तो रकाना कसा भरायचा कळत नाही म्हणून ते टाळतात. तुम्ही एक फोन करायचा, आम्ही सांगितलं असतं. खरं सांगितलं असतंत तर काहीच झालं नसतं. गुन्हा तुम्ही तयार केलात."

मी मान खाली घातली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमचे जबाब झाले. ताकीद देऊन सोडते म्हणाल्या, पण घडलं ते ठाण्याच्या डायरीत घ्यावं लागेल. हरकबहादुर पुन्हा सावधानमध्ये. "मॅडम, मेरा नाम उसमें आएगा?"

"येणार."

"लाल शाई से?"

बाईंना अर्थ लागेना. ह्यांनी खाली मान घालून सांगितलं, सैन्यात रेड इंक म्हणजे काय ते. तेव्हा बाई जरा थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही बाबा. कॉम्प्युटरवर असतं. लाल-निळं काही नसतं त्याच्यात."

"लेकिन नाम रहेगा."

"हो. राहील."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर बाईंनी लॉजवर फोन करून मॅनेजरला काय भरायचं ते सांगितलं. आम्ही परत गेलो तर खऱ्या नावानं नोंद झाली. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत झाली.

कडेगावाकडं

सकाळी लवकर निघालो. कऱ्हाड मागं पडलं. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, कडेला रसवंत्या. एरवी मी दहा ठिकाणी गाडी थांबवायला लावते. हरकबहादुर खिडकीतनं उसाकडं बघत बसले होते, मध्ये टोलनाका आला तरी हात खिशाकडं गेला नाही.

रस प्यायला थांबलो तेव्हा ते हात धुवायला गेले. तेवढ्यात हे म्हणाले, "माझी रेड इंक मी माझ्या हातानं मिळवली हुती. त्येला तू आणून दिलीस."

गावात यात्रेचा दुसरा दिवस, म्हणजे मटणाचा. घराघरांतनं रश्श्याचा वास, पोरं पिपाण्या वाजवतायत, दारात माणसं उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत नेतायत. आमच्या आधी दोन घरांनी हरकबहादुरना ओढलं. एकानं तर ताट वाढूनच दिलं. ते कुणाचे कोण, कुठले, एका शब्दानं विचारलं नाही. मग आमच्या घरी पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, कडक भाकरी. ते खाली मान घालून जेवत होते आणि आमच्या जाऊबाई वाढतच होत्या.

दत्तात्रय भाऊजींना फोनवर सगळं कळलं होतं. ते आले तेच हसत. "म्हंजी तुमी माझ्या नावावर झोपला व्हय रं गड्या? मग माझ्या नावावर ऊसबी तोडा की जरा." मांडवात सगळे हसले. हरकबहादुरही हसले. हे हसले नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदे चिरायला घेतले.

बाहेर एका म्हाताऱ्या चुलत सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "पाव्हणं, कुठलं म्हनायचं तुमी?" यात्रेत हे असंच सहज विचारतात, पुढं बोलायला सुरुवात म्हणून. पुण्याला, वाईला हाच प्रश्न आला तेव्हा हरकबहादुर पाठ ताठ करून सांगायचे, नेपाल, बागलुंग, एक्स-आर्मी. मी कांदा सोडून कान दिला. ते म्हणाले, "वहिनी का मेहमान."

सासऱ्यांनी "बरं, बरं, बसा की," म्हणून पान पुढं केलं. हे शेजारीच बसले होते. ज्या दिवसासाठी हे एवढे दिवस थांबले होते तो दिवस, भावकी समोर, मित्र शेजारी, आणि मित्र आपला मुलूखसुद्धा सांगेना. ह्यांनी मोठ्यानं सांगितलं, "नेपाळचं हायती. माझ्याबरोबर बर्फात हुते." माणसांनी कौतुकानं बघितलं. हरकबहादुर ताटाकडं बघत होते.

निघताना ते ह्यांना म्हणाले, "साब, दोनों बातें सच निकलीं." पठाराची आणि यात्रेची. ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खोटी निघाले ती मी एकटी.

मिरज

परतीची गाडी मिरजेहून होती. सांगलीहून निघताना मी भडंगाच्या पुड्या बांधून दिल्या, साताऱ्याचे कंदी पेढे मागवून ठेवले होते ते दिले. नातवंडांना म्हणून द्राक्षांचा बेदाणा दिला. किती दिलं तरी हात थांबेना. त्यांनी सगळं बॅगेत नीट रचून घेतलं, प्रत्येक वेळी "वहिनी, बस" म्हणत.

प्लॅटफॉर्मवर मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, मला माफ करा." ते गडबडले. "नहीं, नहीं. आपने तो घर के लिए किया." मग वाकून नमस्कार केला, ह्यांना सॅल्यूट केला आणि डब्याकडं निघाले. कागद पुन्हा शर्टाच्या खिशात होता, प्लॅस्टिक दिसत होतं वरनं. मला बरं वाटलं जरा.

डब्याच्या दारात टीसी उभा होता. प्रत्येकाचं तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडत होता. हरकबहादुरनी तिकीट दिलं. टीसी म्हणाला, "आयडी?"

त्यांचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. मान वळवून त्यांनी मागं, गर्दीत बघितलं. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. कोणता दाखवू, असं विचारत होते.

मी त्या खिशाकडं बघून मान डोलावली. तेव्हा कुठं त्यांनी कागद बाहेर काढला.